दिवसातून दोनदा मेस

मे महिन्याचा तिसरा रविवार, सकाळचे साडेदहा. पितों गावातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेले साडेतीनशे रुपये. हजर माणसं पाच: बा, आय, मास्तरकाका, काकी आणि मी. सहावा विनायक, माझ्या आत्याचा मुलगा, हजर नव्हता, पण सभा त्याचंच म्हणणं ऐकायला भरली होती. तो महाराष्ट्रातल्या एका गावी तीन वर्षं डॉक्टरकी शिकत होता आणि त्याचं पत्र आलं होतं.

आमच्या बेटावर तेव्हा डॉक्टर होण्याची सोय नव्हती. ज्याला व्हायचं त्याने समुद्र ओलांडायचा. माझ्या हातात दोन कागद होते. एक विनायकच्याच कॉलेजचा, दुसरा दक्षिण फ्रान्समधल्या एका शहरातला. यातल्या एकाला शुक्रवारपर्यंत होकार आणि साडेतीनशे रुपये पाठवायचे होते. फ्रान्समध्ये पहिल्या वर्षाअखेर चाळणी परीक्षा असे, गळतील त्यांनी घरी जावं. माझं फ्रेंच वाचण्यापुरतं बरं होतं, पण बोलायला तोंड उघडलं की आतून बेटावरची क्रेओल बोलीच बाहेर पडे. त्यात हाडांची नावं फ्रेंचमध्ये पाठ करायची. मी गळणार हे मला जवळजवळ माहीत होतं, आणि गळल्यावर बेटावर माझ्यासाठी एकच जागा होती, बांच्या शेजारचं स्टूल.

बा साखर कारखान्याच्या बालांसवर होते. बालांस म्हणजे उसाच्या गाड्या तोलण्याचा काटा. एकवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचा ऊस तोलला होता आणि आपली जीभही तशीच वापरली होती. गाडीची चारही चाकं काट्यावर चढल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. तो ते घरीही लावत. आयने शेजारणीची तक्रार अर्धी सांगितली की ते विचारत, "मागची चाकं चढली का?"

मीही त्यांचाच मुलगा. दोन्ही कॉलेजांचा मी चौकटींच्या कागदावर तक्ता केला होता. अकरा बाबी, प्रत्येकीला दहा गुण. तिकिटाचा खर्च, भाषा, थंडी, वर्षं, आयला वाटणारी काळजी, जवळचा नातेवाईक, वगैरे. इंडियाला एकाहत्तर आले, फ्रान्सला एकोणसत्तर. तो तक्ता अजून माझ्याजवळ आहे. हे प्रकरण लिहायला बसलो तेव्हा बेरीज पुन्हा तपासली. इंडियाच्या रकान्यात एके ठिकाणी नऊ आणि आठ एकवीस धरलेले आहेत. नऊ आणि आठ सतरा होतात हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता सभेकडे वळतो. आयने सकाळीच डाळ वाटून गातो पिमां तळायला घेतले होते, म्हणजे आमच्याकडचे मिरचीचे डाळवडे. कढईचा चरचर आवाज आणि कुंपणापलीकडून मादाम रोझलिनच्या शिवणयंत्राचा आवाज एकमेकांत मिसळून येत होता. मादाम रोझलिन आमच्या शेजारीण, क्रेओल ख्रिस्ती, गावातल्या अर्ध्या मुलींचे कपडे शिवणाऱ्या. रविवारी त्या चर्चमधून येत, टोपी खुंटीला लावत आणि लगेच यंत्रावर बसत. देवाने रविवारी विश्रांती घेतली, पण त्याला सहा नाती नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

मास्तरकाका हे बांचे धाकटे भाऊ, तेर रूज गावी राहत. दिवसा सरकारी कचेरीत कारकून आणि संध्याकाळी बैठकेत, म्हणजे मंडळाच्या खोलीत, मुलांना मराठी शिकवत. आम्ही घरी बोलत होतो ते आज्या-पणज्यांच्या बोटीतून उतरलेलं मराठी, वर क्रेओलची फोडणी. काकांचं मात्र पुस्तकी. ते 'हाय' म्हणत नसत, 'आहे' म्हणत, आणि म्हणताना चष्मा वर करत. त्यामुळे इंडियाचं पत्र वाचायचा मान त्यांचा. दुसरा मान त्यांनी स्वतःच घेतलेला. त्यांना तिकिटं जमवायचा नाद होता. पत्र आत्याकडून शनिवारी त्यांच्याच घरी आलं होतं. निळं एरोग्राम, पाकीट आणि कागद एकच, तिकीट वरच छापलेलं. ते काकांनी कात्रीने कापून घेतलं, मग पत्र खिशात घातलं आणि रविवारच्या बसने पितोंला आले.

"ऐका," काका म्हणाले. "प्रिय मामा-मामींस साष्टांग नमस्कार. शिवाला इथेच पाठवा. कॉलेज चांगले आहे. प्रेतांची मुळीच टंचाई नाही."

आयच्या हातातला झारा थांबला. "कसली टंचाई नाय?"

"मढ्यांची, वहिनी. शिकायला लागतात."

"आयो! आन् हे चांगलं म्हणून लिवलंय?"

"पुढं वाचा," बा म्हणाले.

काकांनी पुढे वाचलं. पुढचा भाग मला अजून पाठ आहे. "त्रास एकच, मेसचा. मेसला दिवसातून दोनदा जावंच लागतं, सकाळी अकराला आणि रात्री आठला. न जाऊन सांगतो कुणाला! रविवारी मात्र सकाळी एकदाच असते. पैसे महिन्याचे आगाऊ घेतात, गेलो नाही तरी परत मिळत नाहीत."

इथे काका थांबले. "मेस," ते स्वतःशी म्हणाले.

"लामेस?" काकी म्हणाली.

आमच्या बेटावर लामेस म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना. हे तान्ह्या पोरालाही कळतं. दुसरा कुठला अर्थ त्या पाच माणसांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हता. इंग्रजी शिकलेला मी एकटा. मला इंग्रजीतला मेस म्हणजे पसारा, गोंधळ, एवढंच ठाऊक होतं. मी भीत भीत तसं म्हणालो.

"दिवसातून दोनदा गोंधळाला जातो तो?" काकीने विचारलं. "अकराला अन् आठला? वेळ लावून?"

मी इंग्रजीचा नाद सोडला.

काका पुढे वाचत गेले आणि प्रत्येक ओळीला आमचं घर थंड होत गेलं. "सुरुवातीला मला मेस मानवली नाही, कारण..." काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "इथं जरा फाटलंय. आणि... नुसतं पाणी. मग... मीठ कधी घालतात, कधी नाही."

काकी उभीच राहिली. तिने राजधानीत, पोर्ट लुईला, एका मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा पाहिला होता. "पाणी अन् मीठ! डोक्यावर पाणी, जिभेवर मीठ! माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पोरगा बाटला, भाऊजी!"

"कधी घालतात, कधी नाही, असं हाय," बा म्हणाले.

"म्हणजे घालतात!"

"पुढे ऐका," काकांचा आवाज आता खाली आला होता. "मागच्या वर्षी मी मेस बदलली. आधीच्या मेसचा महाराज फार ओरडायचा. नवा महाराज प्रेमळ आहे. आजारी पडलो तर स्वतः खोलीवर येतो."

आता हे महाराजांचं प्रकरण. आमच्याकडे महाराज म्हणजे पंडित, लग्न लावणारा, कथा सांगणारा. पंडित असून लामेस करतो, म्हणजे पंडितही गेला. आणि माणूस आजारी पडला की खोलीवर कोण येतं, हे पितोंमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. शेवटच्या घटकेला मोंपेर, म्हणजे पाद्री, येतो, पांढरा झगा घालून, तेलाची कुपी घेऊन. आयने पदर डोळ्यांना लावला. विनायकला वर्षापूर्वी कावीळ झाली होती हे तिला आठवलं.

शेवटची ओळ सर्वात वाईट होती. "शिवाची काळजी नको. सवय होईपर्यंत सगळेच रडतात. त्याचं नाव मी आत्ताच आमच्या मेसमध्ये घालून ठेवलं आहे."

कढईतले गातो पिमां काळे पडले. कुणी उठलं नाही.

मास्तरकाकांचा एक दोष होता. येत नाही असं म्हणणं त्यांना जमत नसे. त्यांनी पिशवीतून जाडा मराठी कोश काढला. कोश बराच जुना होता आणि त्यात मेस नव्हता. पण काका रिकाम्या हाताने परतणारे नव्हते. "मेष सापडतो," त्यांनी चष्मा वर केला. "पोटफोड्या ष. विनायकने स चुकून लिहिला असेल. मेष म्हणजे मेंढा."

"झालं तर!" काकी म्हणाली. "देवाचं कोकरू म्हणतात न ते? लामेसमधलंच!"

एका ओळीत पाणी, एका ओळीत मीठ, आणि आता मेंढा. मी अठरा वर्षांचा, शास्त्र विषयात पहिला आलेला. खरं सांगायचं तर मीही मानलं. खोलीत गेलो, तक्त्यात 'धर्म' ही बारावी बाब घातली आणि इंडियाला शून्य दिलं. फ्रान्सला किती द्यावे हे ठरेना. अखेर बाहेर येऊन विचारलं, "पण फ्रान्समध्ये तर सगळेच लामेसला जातात?"

"जातात तर जातात," बा म्हणाले. "जावं लागतं असं त्यांच्या कागदात कुठं लिवलंय? दाखव."

लिहिलेलं नव्हतं. फ्रान्सच्या कागदात धर्माचा उल्लेखच नव्हता. अशा रीतीने ख्रिस्ती होण्यापासून वाचवण्यासाठी मला फ्रान्सला पाठवायचं ठरलं. काकीला आनंद झाला, कारण तिचा भाऊ तिकडे एका हॉटेलात कामाला होता आणि त्याला लोणचं पाठवायला माणूस हवा होता.

इथे बांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर गैरसमज होईल. त्यांचं कुणाच्या देवाशी वाकडं नव्हतं. आय स्वतः वर्षातून एकदा पोर्ट लुईला जाऊन तिथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावून येई आणि बा तिला बसचे पैसे देत. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की माणसाने धर्म बदलायचा तर आपण होऊन बदलावा, महिन्याचे पैसे आगाऊ भरून नव्हे.

सोमवार तसाच गेला. मी फ्रेंच शब्दकोश उघडून हाडं पाठ करायला बसलो आणि मनगटाच्या पुढे गेलो नाही. मंगळवारी संध्याकाळी आयला राहवलं नाही. तिने कुंपणापाशी जाऊन मादाम रोझलिनला हाक मारली. चर्चमधलं कळणारं जवळचं माणूस त्याच, दुसरं कोण. त्या तोंडात टाचण्या धरूनच आल्या. मी पत्राचा अर्थ क्रेओलमध्ये सांगितला. त्यांनी एकेक टाचणी काढून बाहीला टोचली.

"दोनदा?" त्या बांना म्हणाल्या. "रोज? मिस्ये, मी पन्नास वर्षं लामेसला जाते आहे. रोज दोनदा तर आमचा मोंपेरसुद्धा कंटाळेल."

"इंडियात लोक जास्त हायत," आय म्हणाली.

"असतील. आणि पाणी, मीठ, खरं आहे. माझ्या लहानपणी मीठ द्यायचे." मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मादाम, रडू नका. देव चांगला आहे. मुलगा चांगल्या हातात पडेल." आणि त्या घरी जाऊन एक पांढरी मेणबत्ती घेऊन आल्या. "तिथे गेलास की पहिल्या दिवशी लाव, शिवा. माझ्या नावाने."

आय आणखी रडली.

निघता निघता दारात त्या थांबल्या. "एक मात्र कळत नाही. पैसे. आमच्याकडे टोपली फिरते, ज्याला जमेल ते टाकतो. महिन्याचे आगाऊ? न गेलो तरी परत नाही? हे तर सिनेमापेक्षा वाईट."

बा तेव्हा पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी सुई खाली ठेवली. "शिवा, ते पत्र आण."

तोपर्यंत बांनी पत्र हातात घेतलंच नव्हतं. त्यांचं वाचन सावकाश आणि काका समोर असताना आपण वाचायचं त्यांना संकोचाचं वाटे. त्यांनी कागद दिव्यासमोर धरला. दिव्याचा उजेड मधल्या चौकोनातून थेट त्यांच्या कपाळावर पडला.

"हे फाटलेलं नाय," ते म्हणाले. "हे कापलंय. सरळ रेघेत."

"काकांनी तिकीट काढलं," मी म्हणालो.

"आन् तिकिटाच्या मागं काय होतं?"

मी त्या भोकात बोट घालून पाहिलं. मादाम रोझलिनना मराठी येत नव्हतं, पण त्याही पाहत राहिल्या.

"मागची चाकं काट्याच्या बाहेर हायत," बा म्हणाले, "आन् तुम्ही आकडा लिवून मोकळे!"

बुधवारी बांनी अर्धी रजा घेतली. एकवीस वर्षांत ही त्यांची तिसरी रजा. आम्ही बसने तेर रूजला गेलो. रस्ताभर दोन्ही बाजूंनी उभा ऊस आणि मध्ये बा, गुडघ्यावर हात ठेवून. काकांच्या घरी काकीने व्हॅनिला घातलेला चहा टाकला होता. बांनी चहा घेतला नाही. "वही आण," ते भावाला म्हणाले.

"कसली वही, दादा?"

"तिकिटांची."

काकांनी वही आणली. विनायकच्या पत्राचं तिकीट तिसऱ्या पानावर होतं, कणकेच्या खळीने घट्ट चिकटवलेलं. काका म्हणाले, ओढलं तर फाटेल, संच बिघडेल. बा म्हणाले, माझा पोरगा बिघडतोय. काकीने वही काकांच्या हातून काढून घेतली आणि चहाच्या किटलीच्या तोंडावर धरली. वाफेने आधी पान सुरकुतलं, मग खळ सुटली आणि तिकीट तिच्या बोटांवर आलं. तिने ते उलटं केलं. मागे शाई थोडी पसरली होती, पण तीन ओळींचे तीन तुकडे स्पष्ट होते.

"वाच," बा म्हणाले.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "पोळ्या चामड्यासारख्या," त्यांनी वाचलं. थोडं थांबून, "वरण म्हणजे." मग फार हळू, "भाजीत."

मी पत्राचं भोक आणि तिकीट जुळवून पुन्हा वाचलं. मला मेस मानवली नाही, कारण पोळ्या चामड्यासारख्या आणि वरण म्हणजे नुसतं पाणी. मग भाजीत मीठ कधी घालतात, कधी नाही.

बाहेरून पोर्ट लुईची बस गेली.

"जेवायची जागा," बा म्हणाले. "पोरगा दिवसातून दोनदा जेवतो, म्हणून तीन दिवस आमच्या घरी चूल नीट पेटली नाय."

"मला शंका होतीच," काका म्हणाले.

"शंका?" काकी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही मेंढा काढला होता मेंढा!"

"तू पाणी आणि मीठ काढलंस!"

"मी अडाणी. तुम्ही मास्तर!"

बांनी आता चहा मागितला. एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. बांना मी हसताना फार थोड्या वेळा पाहिलं. आवाज येत नसे, फक्त कपातला चहा बशीत सांडे. त्या दिवशी सगळा सांडला.

पण ते बालांसवरचे होते. बसमध्ये बसल्यावर, अर्ध्या वाटेत, हसणं ओसरलं आणि ते म्हणाले, "महाराजाचं काय?"

"महाराज?"

"तो राहिला. पोळ्या असतील, वरण असेल. पण पंडित कशाला हवा जेवणात? आजाऱ्याच्या खोलीवर कशाला जातो? पैसे मी उद्या पाठवतो. पण तू तिथं गेलास की त्याच्याकडून लिवून घे तो कोण हाय ते. सहीनं."

गुरुवारी साडेतीनशे रुपये विनायकच्या कॉलेजला गेले. तक्त्यातली बारावी बाब मी खोडली. मादाम रोझलिनना सगळं सांगितलं, तेव्हा त्या जरा हिरमुसल्या. मेणबत्ती मात्र परत घेईनात. ती मी नेली. त्या गावात वीज जायची, आणि मनगटाच्या पुढची सगळी हाडं मी तिच्याच उजेडात पाठ केली. त्यांच्या नावाने लावायची होती, तशी लागलीच म्हणायची.

महाराज निघाले एक हडकुळे गृहस्थ, अंगात भोकं पडलेला बनियन, खांद्यावर पंचा. तिकडे आचाऱ्यालाच महाराज म्हणतात. आजारी मुलाच्या खोलीवर ते भाताची पेज घेऊन जात, कारण मुलगा अंथरुणावर पडला की खोलीवर पाठवलेल्या डब्याचे चमचे परत येत नाहीत असा त्यांचा अनुभव होता. मी पहिल्या महिन्याचे पैसे दिले आणि कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मी आचारी आहे हे लिहून हवंय?"

"हो. आणि दुसरं काही नाही, हेही."

"कुणाला शंका आहे?"

"माझ्या वडिलांना."

"ते जेवलेत का माझ्या हातचं?"

"नाही."

"मग नवल आहे. जेवलेल्यांनाच शंका येते." ते हसले, विनायक हसला, रांगेत बसलेली सगळी मुलं हसली. पण महाराजांनी सही फुकट केली नाही.

बा प्रत्येक कागद तारेला ओवून ठेवत. ते गेल्यावर ती तार मी उतरवली. कारखान्याच्या आणि पाणीपट्टीच्या पावत्यांमध्ये तो कागद होता, हळदीच्या बोटाचा ठसा अजून पिवळा. "मी स्वयंपाक करतो. पूजा, लग्न, लामेस वगैरे काही करत नाही." लामेस हा शब्द महाराजांनी मला तीनदा विचारून लिहिला होता. खाली बांच्या अक्षरात, बालांसच्या निळ्या पेन्सिलीने, दोन शब्द: वजन पुरं.

आता आकडे. कॉलेजला साडेतीनशे रुपये. मेसला पहिल्या महिन्याचे नव्वद, आगाऊ, न जेवल्यास परत नाहीत. आणि दोन रुपये महाराजांना रोख, आपण महाराज नाही हे लिहून दिल्याबद्दल.